फोन बंद असला तरी नंबर चालू ठेवा

पत्र

माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. एस.टी.त चालक होते, निवृत्त होऊन १८ वर्षे झाली. गेली दोन वर्षे त्यांचा विसर वाढत चालला आहे आणि डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश असल्याचे सांगितले आहे. पहाटे उठून ‘ड्युटी आहे, हलकर्णीचा मुक्काम आहे’ असे म्हणत शर्ट घालून बसतात. नऊ दिवसांपूर्वी पहाटे पावणेपाचच्या सुमारास, आम्ही झोपेत असताना, ते शिवाजी पेठेतील घरातून बाहेर पडले ते परत आले नाहीत. खिशात आधार कार्ड आणि नातवाने घेऊन दिलेला साधा अँड्रॉइड फोन आहे, पैसे नाहीत. फोन पहिल्या दिवशी दुपारपर्यंत वाजत होता, नंतर बंद झाला. चोवीस तास थांबावे लागते असे कोणीतरी सांगितल्यामुळे आम्ही तिसऱ्या दिवशी पोलिसांत नोंद केली. व्हॉट्सॲपवर फोटो फिरवला, तर एकाचा फोन आला की बाबा आमच्याकडे आहेत, १५ हजार रुपये पाठवा. टेलिग्रामवर एक जण ८ हजारांत कोणत्याही नंबरचे लोकेशन काढून देतो असे भाऊ म्हणतो. बाबांच्या नंबरचे दुसरे सिमकार्ड काढू, असे भाचा म्हणतो. हलकर्णीला फोन करून पाहिला, तिथे कोणी आलेले नाही. तंत्रज्ञान एवढे पुढे गेले, घरात चार स्मार्टफोन आहेत, आणि आम्हाला एक माणूस सापडत नाही. आम्ही काय करावे?

– एक लेक, कोल्हापूर

उत्तर

ताई, आपले पत्र वाचले आणि सगळी कामे बाजूला ठेवून हे उत्तर लिहायला बसलो. नऊ दिवस म्हणजे फार उशीर झाला असे मुळीच नाही. मात्र काही खुणा अशा असतात की त्या आज हाताशी असतात आणि पुढच्या आठवड्यात नसतात, म्हणून ज्या खुणा लवकर पुसल्या जातात त्यांच्यापासून सुरुवात करतो. तिसऱ्या दिवशी नोंद केली याचा सल मनात ठेवू नका. चोवीस तास थांबण्याचा असा कोणताही नियम नाही, माणूस घरी नाही हे कळल्या क्षणी पोलीस ठाण्यात जाता येते आणि ११२ वर फोनही करता येतो. पण हा गैरसमज आपल्याकडे इतका रुजलेला आहे की भली शिकलेली घरेही त्यापायी दिवस घालवून बसतात.

सर्वात आधी भाच्याला थांबवा. दुसरे सिमकार्ड काढू नका. नवे सिम चालू झाले की बाबांच्या फोनमधले जुने सिम त्याच क्षणी निकामी होते. आज त्यांचा फोन बंद आहे, पण उद्या एखाद्या चहावाल्याने, एखाद्या देवळाच्या पुजाऱ्याने किंवा रुग्णालयातल्या मावशींनी तो चार्जिंगला लावला, तर तो पुन्हा वाजण्याची आणि जवळच्या टॉवरवर नोंद उमटण्याची जी एकमेव वाट आहे, ती आपण आपल्याच हाताने बंद केलेली असेल. व्हॉट्सॲपमधले जुने संदेशही दुसऱ्या सिमने दिसत नाहीत, त्यामुळे या व्यवहारात मिळायचे काहीच नाही. उलट, आजच्या आज बाबांच्या नंबरवर रिचार्ज करा. मुदत संपली की काही दिवसांत येणारे कॉलही बंद होतात, आणि शोधाच्या धावपळीत ही गोष्ट बहुतेक कुटुंबांच्या ध्यानातच येत नाही. तसेच ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर हरवलेला फोन ब्लॉक करण्याची जी सोय आहे, ती तूर्त वापरू नका. ती सोय चोरीला गेलेल्या फोनसाठी चांगली आहे. आपल्याला मात्र हा फोन कोणाच्या तरी हातात चालू व्हायला हवा आहे.

दुसरे काम नातवाचे आहे, कारण फोन त्याने घेऊन दिला आणि त्यातले गुगलचे खाते बहुधा त्यानेच उघडले असेल. त्या खात्याने दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर गुगलची हरवलेले उपकरण शोधण्याची ‘फाइंड हब’ (पूर्वीचे नाव ‘फाइंड माय डिव्हाइस’) ही सेवा उघडली की फोन शेवटचा कुठे आणि किती वाजता दिसला हे नकाशावर कळू शकते. फोन बंद असला तरी शेवटची नोंद कित्येकदा शिल्लक असते. त्या पानावर फोनच्या कुलपावर संदेश झळकवण्याची सोय आहे; तिथे ‘हा फोन माझ्या वडिलांचा आहे, कृपया या नंबरवर कळवा’ असे लिहून ठेवा, म्हणजे फोन कोणी चालू केला आणि त्याला इंटरनेट मिळाले, तर पासवर्ड ठाऊक नसलेल्या माणसालाही आपला नंबर दिसेल. तिथेच फोनमधले सगळे पुसून टाकण्याचे बटण असते. त्याला चुकूनही हात लावू नका, कारण पुसलेला फोन पुन्हा नकाशावर दिसत नाही. पासवर्ड आठवत नसेल तर अंदाजाने दहा वेळा टाकत बसू नका, खाते काही काळ अडकून पडते. शांत डोक्याने, ज्या फोनवरून ते खाते पूर्वी उघडले होते त्याच फोनवरून प्रयत्न करा. बाबांना एक साधा व्हॉट्सॲप संदेशही पाठवून ठेवा. त्यावर एकच खूण दिसेल. ज्या दिवशी त्या एका खुणेच्या दोन होतील, त्या दिवशी तो फोन कुठेतरी इंटरनेटला जोडला गेला असे समजावे, वेळ लिहून घ्यावी आणि ताबडतोब तपास अधिकाऱ्यांना कळवावी.

आता टॉवरच्या लोकेशनविषयी, कारण भावाचा सगळा जीव त्यातच अडकलेला दिसतो. ही माहिती मोबाइल कंपनीकडे असते आणि ती फक्त पोलिसांना, त्यांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मार्फत, कायदेशीर मागणी केल्यावर मिळते. टेलिग्रामवर ८ हजारांत लोकेशन विकणारा माणूस एक तर पैसे घेऊन नाहीसा होईल किंवा नकाशावर कुठलाही एक ठिपका टेकवून देईल आणि आपण त्या ठिपक्यामागे दोन दिवस धावाल. समजा त्याच्याकडे खरी माहिती असलीच, तर ती चोरीची असेल. अशा कॉल नोंदींच्या बेकायदा विक्रीचे प्रकरण ठाणे पोलिसांनी २०१८ मध्ये उघडकीस आणले होते आणि त्यात खासगी गुप्तहेरांनाही अटक झाली होती. भावाला सांगा की ८ हजार वाचवून ठेवा, ते गाडीच्या डिझेलला लागतील.

पोलिसांकडे जाताना मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर १५ आकडी आयएमईआय क्रमांक असतो, तो लिहून द्या. सिम कोणी बदलले तरी फोन त्या क्रमांकावरून ओळखता येतो. पहिल्या दिवशी आपण केलेल्या प्रत्येक कॉलची वेळ आपल्या फोनमध्ये आहे, त्यांतला शेवटी वाजलेला कॉल किती वाजताचा होता तेही लिहून द्या. त्या घटकेला तो फोन कोणत्या टॉवरखाली होता, हा या शोधातला सर्वात मोलाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नोंदीत असते. आपल्या मिसिंग नोंदीचा क्रमांक, तपास अधिकाऱ्यांचे नाव आणि नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि ‘टॉवरची माहिती मागवली का, आली का’ असे नम्रपणे पण दररोज विचारत राहा. ती आली की मात्र एक लक्षात ठेवा: टॉवर म्हणजे घराचा पत्ता नव्हे. शहरात टॉवर जवळजवळ असतात, त्यामुळे गल्लीच्या आसपासचा अंदाज येतो. आजरा, चंदगडच्या डोंगराळ भागात एकाच टॉवरखाली अनेक वाड्यावस्त्या येतात, आणि सीमेलगत फोन कर्नाटकातला टॉवरही पकडतो. टॉवर आपल्याला मुलूख सांगेल. त्या मुलखात उतरून विचारपूस माणसालाच करावी लागेल.

सीसीटीव्हीचे काम आजच हाती घ्या, कारण नऊ दिवस या बाबतीत खरोखरच जास्त आहेत. दुकानांतले रेकॉर्डिंग यंत्र डिस्क भरली की जुने पुसून त्यावर नवे लिहीत जाते. कोणाकडे महिनाभराचे शिल्लक असते, कोणाकडे जेमतेम आठवड्याचे. हे मी पुस्तकातून वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी माझे चुलते असेच घरातून निघून गेले होते. आम्ही पहिले दोन आठवडे फोटो फिरवण्यात आणि फोनवर बोलण्यात घालवले, आणि ज्या कार्यालयाच्या दारावरचा कॅमेरा नेमका रस्त्याकडे तोंड करून होता तिथे सोळाव्या दिवशी पोहोचलो. तिथल्या गृहस्थांनी यंत्र सुरू करून दाखवले. तारखांच्या यादीतली सर्वात जुनी तारीख आमच्या तारखेनंतरची, दोनच दिवस पुढची होती. त्या यादीकडे बघत आम्ही किती वेळ उभे होतो ते आठवत नाही, पण ती यादी अजून डोळ्यांसमोर आहे.

म्हणून पहाटे पावणेपाचला घरातून निघालेला माणूस ज्या रस्त्यांनी जाऊ शकतो ते रस्ते आज पायी चाला. शिवाजी पेठेतून बिनखांबी गणेश, मिरजकर तिकटी, बिंदू चौक करत दाभोळकर कॉर्नर आणि मध्यवर्ती बसस्थानक ही एक दिशा झाली. रंकाळा बसस्थानक आणि संभाजीनगर बसस्थानक या दुसऱ्या दोन. एकेका दुकानाच्या छपराखाली कॅमेरा दिसला की थांबा, आणि मालकांना एवढीच विनंती करा की त्या पहाटेचे चार ते सात एवढे तीन तास पेनड्राइव्हवर काढून ठेवा, बघायचे नंतर बघू. आधी जपून ठेवणे महत्त्वाचे आहे. नकार मिळाला तर वाद न घालता दुकानाचे नाव लिहून तपास अधिकाऱ्यांना द्या, पोलिसांच्या पत्राने तेच काम होते. चौकातल्या पोलिसांच्या कॅमेऱ्यांचे आणि बसस्थानकाचे रेकॉर्डिंग तर त्यांच्यामार्फतच मिळेल. यंत्रासमोर उभे असताना आपल्या मोबाइलमधली वेळ आणि यंत्राच्या पडद्यावरची वेळ ताडून पाहा. बऱ्याच यंत्रांची घड्याळे दहा-वीस मिनिटे पुढे-मागे असतात, आणि पाच वाजून पाच मिनिटांनी गेलेला माणूस पाच वाजताच्या चित्रात शोधत बसलो तर तो दिसणारच नाही. चेहरा दिसण्याची अपेक्षा ठेवू नका. पहाटेच्या अंधुक चित्रात चेहरा नसतो, चाल असते. आपण लेक आहात, आपले वडील कोणत्या खांद्याने झुकून चालतात ते आपल्याला ठाऊक आहे. ते पडद्यावर ओळखायला दुसऱ्या कोणाला बसवू नका.

बसस्थानकावर मी एवढा भर देतो आहे त्याला कारण आहे. ‘पैसे नाहीत’ असे आपण लिहिले आहे, आणि त्यावरून ते लांब गेले नसतील असे घरात सगळ्यांनी धरून चालले असणार. परंतु बाबा ७६ वर्षांचे आहेत आणि खिशात आधार कार्ड आहे. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना एस.टी.चा प्रवास मोफत आहे. वाहकाला ओळखपत्र दाखवले की शून्य रुपयांचे तिकीट मिळते. म्हणजे ज्या माणसाने सगळे आयुष्य एस.टी.त काढले, तो एक पैसाही जवळ नसताना महाराष्ट्रात कुठल्याही टोकाला, एका गाडीतून दुसऱ्या गाडीत बसत, जाऊ शकतो. विसर पडलेल्या माणसाला कालचे आठवत नाही, पण तीस वर्षे हातापायांत बसलेली सवय टिकून असते. तो बसस्थानकावर गोंधळलेला दिसत नाही, सराईत दिसतो, आणि म्हणूनच त्याला कोणी हटकत नाही.

तेव्हा बाबांचा फोटो सर्वात आधी एस.टी.च्या माणसांकडे जाऊ द्या. कोल्हापूर विभागातल्या गडहिंग्लज, आजरा, चंदगड, गारगोटी, राधानगरी, कागल या आगारांतल्या चालक-वाहकांचे आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचे व्हॉट्सॲप गट नक्की असतील. बाबांच्या एखाद्या जुन्या सहकाऱ्याला गाठा आणि ‘आपला अमुक-अमुक ड्रायव्हर हरवलाय’ हा निरोप त्याच्या तोंडून जाऊ द्या. अनोळखी घराच्या निवेदनापेक्षा आपल्या आगाराच्या माणसाविषयीचा निरोप वाहक शंभरपट लक्ष देऊन वाचतो. त्या पहाटेच्या पहिल्या गाड्यांवर कोण वाहक होते हे आगाराच्या ड्युटीच्या नोंदीत असते, आणि त्यांपैकी कोणी ७५ वर्षांवरच्या प्रवाशाला पहाटे शून्य रुपयांचे तिकीट दिले का, कुठून कुठपर्यंतचे दिले, हे पोलिसांच्या पत्राने विचारता येईल.

आपण फिरवलेला फोटो पत्रासोबत पाहिला. तो लग्नातला आहे, फेटा बांधलेला, आणि बहुधा आठ-दहा वर्षांपूर्वीचा. रस्त्यावरचा माणूस त्यावरून बाबांना ओळखणार नाही. अलीकडचा, घरातल्या कपड्यांतला, दाढी वाढलेली असेल तर तसाच फोटो द्या, कारण नऊ दिवसांत दाढी वाढलेलीच असेल. शेजारी पूर्ण उंचीचा एक द्या. मजकूर फोटोखाली वेगळा लिहू नका, फोटोवरच लिहा, नाहीतर पुढे पाठवताना मजकूर गळून पडतो आणि नुसता चेहरा गावभर फिरतो. त्यात वर्षासह पूर्ण तारीख, अंगावरचे कपडे, ‘विसर पडतो, ओरडू नका, बसवून पाणी द्या आणि या नंबरवर फोन करा’ एवढी एक ओळ, पोलीस ठाण्याचे नाव, मिसिंग नोंदीचा क्रमांक आणि घरच्या एकाच माणसाचा नंबर असावा. तारखेचे वर्ष गाळू नका. माझे चुलते तीन आठवड्यांनी एका देवस्थानच्या भक्तनिवासाच्या ओसरीवर, तिथल्या रखवालदाराच्या सावधपणामुळे सापडले. पण आमच्या निवेदनात वर्ष नसल्यामुळे त्यानंतर दोन वर्षे लोकांचे काळजीचे फोन येत राहिले, आणि प्रत्येक फोनला काकूंच्या हातातले भांडे थांबत असे. मजकूर मराठीबरोबर कन्नडमध्येही करून घ्या. गडहिंग्लजच्या पलीकडे संकेश्वर, कागलच्या पलीकडे निपाणी, आणि चंदगडवरून बेळगाव. बाबा त्या बाजूला उतरले असतील तर नुसते मराठी निवेदन तिथल्या सगळ्यांना वाचता येणार नाही. नातेवाइकांना आणखी एक सांगा: आलेला संदेश पुढे ढकलू नका, फोटो मोबाइलमध्ये जतन करून नव्याने पाठवा. अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश व्हॉट्सॲप एका वेळी एकाच ठिकाणी जाऊ देते, आणि लोकही असला संदेश न उघडता पुढे सरकतात.

१५ हजार मागणाऱ्या माणसाला पैसे देऊ नका. हरवलेल्या माणसाच्या निवेदनावरून घरच्यांचा नंबर काढून त्यांना लुटणारे लोक आहेत, हे लिहितानाही संताप येतो. तरीही प्रत्येक अनोळखी फोन उचला, कारण त्यांतलाच एखादा खरा असतो. खऱ्या-खोट्याची पारख करण्यासाठी बाबांच्या अंगावरची एखादी खूण, हातावरचा व्रण म्हणा, गोंदण म्हणा, निवेदनात न लिहिता घरातच ठेवा आणि फोन करणाऱ्याला तीच विचारा. व्हिडिओ कॉलवर बाबांना समोर आणायला आणि ती खूण कॅमेऱ्यापुढे धरायला सांगा. नुसता फोटो किंवा आवाज ऐकवला तर विश्वास ठेवू नका, कारण असलेल्या फोटोवरून खोटे चित्र आणि खोटा आवाज बनवणे आता अवघड राहिलेले नाही. ‘आमच्या घरचे कोणी येईपर्यंत जवळच्या पोलीस ठाण्यात बसवा’ एवढे म्हणून पाहा. मदत करणारा माणूस तयार होतो, लुबाडणारा फोन ठेवतो. तो नंबर आणि कॉलची वेळ तपास अधिकाऱ्यांना द्या. घरातल्या कोणी आधीच पैसे पाठवले असतील तर संकोच न करता लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवा.

चेहरा ओळखणाऱ्या यंत्रणेविषयी बरेच बोलले जाते. दिल्ली पोलिसांनी २०१८ मध्ये हरवलेल्या मुलांचे आणि संस्थांमध्ये राहणाऱ्या मुलांचे फोटो अशा यंत्रणेने ताडून पाहिले तेव्हा चार दिवसांत सुमारे तीन हजार मुलांची ओळख लागल्याचे सांगण्यात आले होते. पण त्यासाठी दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो एका ठिकाणी असावे लागतात. वाढलेली दाढी आणि पहाटेचा अंधुक कॅमेरा यांच्यापुढे तिची ताकद कमी पडते. हे काम पोलिसांचे आहे. चेहरा शोधून देतो म्हणणाऱ्या खासगी ॲपवर बाबांचा फोटो आणि आधार चढवू नका. ड्रोनचेही तसेच, उघड्या माळावर तो उपयोगी पडतो, पुरुषभर उंचीच्या उसात वरून काहीच दिसत नाही.

आधारचा मात्र एक उपयोग घरबसल्या होण्यासारखा आहे. बाबांच्या आधारला कोणाचा मोबाइल जोडलेला आहे ते आठवा. तो भावाचा किंवा आपला असेल तर आधारच्या संकेतस्थळावर ओटीपीने प्रवेश करून गेल्या सहा महिन्यांत ते आधार कुठल्या पडताळणीसाठी वापरले गेले याची यादी पाहता येते. बाबा घरातून गेल्यानंतरच्या तारखेची एखादी नोंद तिथे असेल, तर कोणत्या संस्थेकडून ती पडताळणी झाली हे कळेल आणि पोलिसांना धरायला एक ठोस धागा मिळेल. नुसत्या बोटांच्या ठशांवरून ‘हा माणूस कोण’ हे आधारमधून कोणालाही काढून मिळत नाही, कायद्याने ते बंद आहे. तरीही संस्थेत राहणाऱ्या अनोळखी व्यक्तीची नवी आधार नोंदणी करायला गेले असता तिची जुनी नोंदणी आधीपासूनच असल्याचे उघड झाले आणि घर सापडले, असे नागपूरच्या मानकापूर आधार सेवा केंद्रात घडलेले आहे. मनाने हरवलेल्या आणि रस्त्यावर आलेल्या माणसांना बरे करून घरी पोहोचवणारी रायगड जिल्ह्यातल्या कर्जतची ‘श्रद्धा’ ही संस्थाही आहे, जिच्या डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथेही बाबांची माहिती आणि फोटो पाठवून ठेवा. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या मदत क्रमांकावरही नोंद करा, आणि रेल्वेने गेले असण्याची शक्यता सोडायची नसेल तर १३९ वर. इथून महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईला जाते आणि हरिप्रिया थेट तिरुपतीला. पण ज्यांच्या तोंडी ड्युटी आणि मुक्काम आहे ते बाबा रेल्वेकडे वळले असतील असे मला वाटत नाही.

पुढचे वाक्य लिहिताना हात जड होतो, पण ते टाळणे बरोबर नाही. कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय, मिरजेचे शासकीय रुग्णालय, गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय आणि बेळगावचे जिल्हा रुग्णालय या ठिकाणी ‘अनोळखी रुग्ण’ म्हणून कोणी दाखल आहे का, हे फोनवर न विचारता प्रत्यक्ष जाऊन, फोटो दाखवून विचारावे. फोनवर नाव विचारतात आणि ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही तो रुग्ण त्या नावाने सापडत नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बेवारस मृतदेहांचीही माहिती असते. ती पाहण्याचे काम घरातल्या एकाच खंबीर माणसाने करावे, दिवसातून एकदा करावे, आणि ते आईंच्या खोलीत बसून करू नये.

आता आपल्या पत्रातल्या ज्या एका वाक्यावर मी परत परत थांबलो त्याकडे येतो. ‘हलकर्णीला फोन करून पाहिला, तिथे कोणी आलेले नाही.’ ताई, कोणत्या हलकर्णीला? आपल्या जिल्ह्यात दोन हलकर्णी आहेत, एक गडहिंग्लज तालुक्यातली आणि दुसरी चंदगड तालुक्यातली. मोबाइलच्या नकाशात नाव टाकले की जी आधी वर येते तिथे आपण बोट ठेवतो, आणि भावाने तेच केले असावे अशी मला दाट शंका आहे. बाबा कोणत्या हलकर्णीच्या मुक्कामाची गाडी चालवत होते, हे कोणत्याही फोनमध्ये लिहिलेले नाही. ते त्यांच्याबरोबर मागच्या दाराशी घंटी वाजवत उभ्या असलेल्या वाहकाला ठाऊक आहे. तो वाहक हयात असेल तर त्याला शोधा. त्याला विचारा की मुक्कामाला गाडी कुठे उभी करत होता, रात्री कोणाच्या ओसरीवर झोपत होता, भाकरी कोणाच्या घरची येत होती, पहाटे गाडी सुटायच्या आधी कुठल्या हॉटेलात चहा घेत होता, आणि वाटेतली गावे कोणती. ती गावे ओळीने लिहून घ्या. मग गडहिंग्लज आणि चंदगड या दोन्ही पोलीस ठाण्यांना आपल्या तपास अधिकाऱ्यांकडून कळवून त्या प्रत्येक गावच्या पोलीस पाटलांच्या मोबाइलवर फोटो जाऊ द्या. पोलीस पाटलांना गावात कोण नवीन माणूस देवळात झोपतो हे ठाऊक असते, आणि गावातल्या सत्तरीतल्या माणसांना तो फोटो दाखवला तर ‘हा तर आपल्या मुक्कामाच्या गाडीचा ड्रायव्हर’ असे म्हणणारा कोणीतरी भेटेल.

उद्या पहाटे भावाने आणि भाच्याने मध्यवर्ती बसस्थानकावरून गडहिंग्लजकडे जाणारी पहिली गाडी पकडावी. गाडीतच वाहकाला फोटो दाखवावा, गडहिंग्लज आगारात उतरल्यावर कंट्रोलरना भेटावे, आणि तिथून एकाने एका हलकर्णीला व दुसऱ्याने दुसऱ्या हलकर्णीला जावे. आपण घरी थांबा. निवेदनात दिलेला फोन चार्जिंगला लावून उशाशी ठेवा, त्यावर घरच्यांनी लांबलचक बोलू नये, आणि अंगणाचा दिवा रात्रभर चालू राहू द्या, कारण घराजवळ येऊनही दार न ओळखता पुढे निघून गेलेली माणसे मी पाहिली आहेत. दोन्ही हलकर्णींहून काय निरोप येतो ते मला त्याच दिवशी कळवा. तिथे काही लागले नाही तर वाहकाने सांगितलेली गावांची यादी पाठवा, पुढची गावे आपण मिळून ठरवू.